रात्री बाग भिजवताना ऐकावा असा मोकळा रेडिओ आपल्या खान्देशात होईल का?

रातपाणी, यावल | रात्री १२:५२

मंडळी, जरा लांब लिहितोय, वेळ असेल तर वाचा. या आठवड्यात आमच्या फिडरला लाईट रात्रीची आहे, म्हणजे थ्री फेज रात्री येते आणि सकाळी जाते, त्यामुळे मळ्यातच आहे, केळीच्या कांदेबागाचे व्हॉल्व्ह फिरवून आत्ता मोटरीजवळ येऊन बसलो. इकडे बिबट्या फिरतो म्हणून रात्री मळ्यात जो तो काही ना काही मोठ्याने लावून ठेवतो. वडील होते तेव्हा ट्रान्झिस्टर असायचा, निंबाच्या फांदीला टांगलेला. दहाला विविध भारतीवर छायागीत, मग फर्माइशी, आणि मग एका वेळेला केंद्रच बंद, नुसती खरखर. वडील ती खरखर पण बंद करू द्यायचे नाहीत. म्हणायचे राहू दे, कोणी आहे असं वाटते.

आता मोबाईलवर पाहिजे ते गाणं लागतं, पण ते मीच लावलेलं असतं ना, पुढे काय येणार ते मला माहिती. पलीकडे कोणी जागं नाही.

मागच्या महिन्यात भाचा आला होता, त्याने न्यूयॉर्कच्या एका रेडिओवाल्याची जुनी रेकॉर्डिंग लावून दिली, बॉब फास त्याचं नाव. इंग्रजी मला निम्मंच समजतं, पण मी दोन रात्री ऐकत राहिलो. मध्यरात्री एक माणूस माईकसमोर बसलाय, आवाज अगदी खाली, जसा आपण झोपलेल्या घरात बोलतो तसा. गाणं लावतो, मधेच फोन घेतो, मग अजून एक फोन, ते दोघं आपसातच बोलायला लागतात आणि हा मधे पडत नाही. कोणी काही वाचून दाखवतं. मग बराच वेळ एकच वाद्य. ठरलेलं काही दिसत नाही आणि तरी तुटल्यासारखं वाटत नाही. मला आपल्याकडच्या वह्यांची, म्हणजे डफावर म्हणतात त्या गाण्यांची, आठवण झाली, डफ शेकून मंडळी बसलेली असतात, एकाने वही धरली की ती कुठवर जाईल नेम नाही, मधे कोणी कथा सांगतो, कोणी चहा आणतो, उजाडतं.

तर विचारायचं असं की हे चाललं कसं? भाचा म्हणतो त्या काळातली हिप्पी पोरं, युद्धाला नाही म्हणणारी पोरं, यांची सगळी वस्ती त्या रेडिओभोवती जमलेली होती. नुसत्या आवाजाने वस्ती कशी जमते? आणि आपल्या भागात रात्री बारा ते चार, आपल्या बोलीत, असं काही करायचं म्हटलं तर होईल का? मी मनापासून विचारतोय, कोणाला माहिती असेल त्यांनी सांगा.

जुना_गार्ड, भुसावळ | रात्री १:२०

भाऊ, तुमच्या वडिलांचं खरखरीचं वाचलं आणि थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही. मी मालगाडीचा गार्ड होतो, आता रिटायर. ब्रेकव्हॅनमधे रात्रभर एकटा माणूस, पुढे पन्नास-साठ डबे आणि त्याच्या पार पलीकडे ड्रायव्हर. ड्युटीवर रेडिओ नव्हता, पण रनिंग रूमला, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरच्या विश्रांतीच्या जागी, पोचल्यावर झोप कुठली येते, मग उशाशी छोटा सेट. दिवसा डायलवर आपलं जळगाव केंद्र तेवढं स्वच्छ लागायचं, रात्री मात्र त्याच काट्यावर कुठल्या कुठल्या गावचे आवाज. याचं कारण पण सांगतो, मला फार आवडतं ते. दिवसा उन्हामुळे वर आभाळात एक थर तयार होतो, तो मिडियम वेव्हच्या लहरी पिऊन टाकतो. सूर्य गेला की तो थर विरतो, मग लहरी त्याच्या वरच्या थराला लागून खाली परततात, शेकडो किलोमीटर लांब. म्हणजे रेडिओच्या बाबतीत रात्र ही मुळातच मोठी असते.

आता बॉब फास. स्टेशनचं नाव डब्ल्यूबीएआय, ९९.५ एफएम. हे आधी एका श्रीमंत माणसाचं होतं, लुई श्वाइत्झर नावाचा, त्याने १९६० मधे ते स्टेशन पॅसिफिका नावाच्या संस्थेला चक्क देऊन टाकलं. आणि पॅसिफिका म्हणजे कोण, तर लुईस हिल, ज्याने दुसऱ्या महायुद्धात हत्यार धरायला नकार दिला होता. त्याने १९४९ च्या एप्रिलमधे कॅलिफोर्नियात बर्कलीला पहिलं स्टेशन काढलं, केपीएफए, आणि ठरवलं की जाहिरात घ्यायची नाही, ऐकणाऱ्याने वर्गणी द्यायची. आपल्याकडे गणपतीची देतात तशीच. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, साबणवाला नाही तर साबणवाल्याचं ऐकायला पण नको.

फास तिथे आला तो नट होता, निवेदनाचं काम करायचा. मध्यरात्रीनंतर स्टेशन बंद असायचं, त्याने ते तास मागून घेतले. १९६३ ची गोष्ट. कार्यक्रमाचं नाव रेडिओ अननेमेबल, म्हणजे ज्याला नाव देता येत नाही असा रेडिओ. बॉब डिलनपण स्टुडिओत येऊन बसला आणि लोकांचे फोन घेतले, १९६६ मधे. एका तरुण गायकाचं अठरा मिनिटांच्या वरचं गाणं त्याने तेव्हा लावलं जेव्हा बाकी रेडिओ तीन मिनिटांपलीकडे जात नव्हते.

वस्ती कशी जमते विचारलंत ना. १९६७ च्या फेब्रुवारीत तो रेडिओवर म्हणाला, चला आपण सगळे रात्री विमानतळावर भेटू, केनेडी विमानतळ. काम काही नाही, कोणाला आणायला जायचं नाही, नुसतं एकमेकांना बघायला. थंडीचे दिवस आणि मध्यरात्र, तरी हजारो लोक आले. जे वर्षानुवर्षं एकेकटे अंधारात ऐकत होते त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण किती जण आहोत. नंतर त्याच वर्षी घाण झालेली एक गल्ली झाडायला जमायचं ठरलं, हातात झाडू घेऊन. ही पोरं येणार कळल्यावर पालिकेने ती गल्ली आधीच झाडून ठेवली, तर हे लोक दुसऱ्या गल्लीत गेले आणि ती झाडली.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७१ मधे एका माणसाने फोन केला, म्हणाला मी गोळ्या खाल्ल्यात. फासने फोन ठेवला नाही. तो बोलत राहिला, हळूहळू, घाई न करता, तिकडे बाकीच्यांनी फोन कुठून आला ते शोधायला लावलं, पोलीस त्या घरापर्यंत पोचले आणि माणूस वाचला. हे सगळं हवेत चालू होतं, शहर ऐकत होतं. मला वाटतं यासाठी रात्र लागते. दिवसाच्या कार्यक्रमात निवेदकाला पुढच्या जाहिरातीची घाई असते हो.

फास २०२१ मधे वारला, ८७ वर्षांचा होऊन. मधे भांडणात काही वर्षं बाहेर पडावं लागलं होतं, ते सोडलं तर शेवटपर्यंत करत राहिला.

शिरपूरची_मी, सध्या पुणे | रात्री १:४८

गार्डकाका किती छान लिहिलंय. मी थोडी आतली बाजू सांगते कारण मी काही वर्षं एका खाजगी एफएमला प्रोड्यूसर होते, नाव नको. तिथे गाणी आरजे निवडत नाही. लॉग वरून येतो, ठराविक शे-दोनशे गाणी, कुठलं कितीला वाजणार ते सॉफ्टवेअर ठरवतं, आरजेने दोन गाण्यांच्या मधे लिंक बोलायची ती पण मोजून. आणि रात्री अकरानंतर स्टुडिओत बऱ्याचदा कोणी नसतंच. लिंक संध्याकाळीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या असतात, "जागे आहात ना मित्रांनो" वगैरे, आणि ते म्हणणारा माणूस तेव्हा घरी झोपलेला असतो. मला त्याचं फार वाईट वाटायचं. एकदा रात्री दोनला काही कामासाठी ऑफिसला गेले तर फोन वाजत होता, उचलला, पलीकडे कुठलातरी वॉचमन, त्याला फक्त विचारायचं होतं की आत्ता लागलं ते गाणं कोणाचं.

तर फास करायचा त्याला फ्री-फॉर्म म्हणतात, ते म्हणजे याच्या बरोबर उलटं. माईकसमोर बसलेल्या माणसाला पूर्ण मोकळीक, शास्त्रीय गाण्याला जोडून लोकगीत, त्याला जोडून भाषण, त्याला जोडून शांतता. पण ही मोकळीक कोणी मोठ्या मनाने दिली असं समजू नका. ती मिळाली कारण त्या वेळेची किंमत नव्हती. अमेरिकेत साठच्या दशकात एफएमला कोण विचारत नव्हतं, मालक लोक एएमवर जे वाजतंय तेच एफएमवर पण सोडायचे. मग तिथल्या एफसीसीने, म्हणजे रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम केला, एक लाखाच्या वरच्या शहरात एफएमवर निम्मा वेळ तरी वेगळं काहीतरी द्या. १९६७ पासून तो लागू झाला. आता एवढे तास भरायचे कशाने? तिथे ही मंडळी घुसली. सॅन फ्रान्सिस्कोचा टॉम डोनह्यू, तो म्हणे एकेका एफएम स्टेशनला फोन लावत गेला आणि ज्याचा फोन बिलापायी कट झाला होता ते स्टेशन गाठलं, कारण तेच नाही म्हणणार नाहीत! ते केएमपीएक्स. एप्रिल १९६७. त्याच्या आधीपासून लॅरी मिलर तिथे रात्रभर बसत होता. तिकडे इंग्लंडजवळ समुद्रात बोट उभी करून चालवलेल्या रेडिओवर जॉन पील पण मध्यरात्री बारा ते दोन तेच करत होता, १९६७ च्या ऑगस्टमधे कायदा करून ते बंद पाडलं.

वर्षभरात केएमपीएक्सच्या लोकांचा मालकाशी संप झाला, ते केसॅन नावाच्या दुसऱ्या स्टेशनला गेले, ते खूप चाललं, आणि चाललं म्हणूनच मोठ्या कंपनीच्या हिशेबात आलं. १९८० मधे तिथे कंट्री म्युझिक वाजायला लागलं. याउलट न्यू जर्सीचं डब्ल्यूएफएमयू बघा, एका छोट्या कॉलेजचं स्टेशन, १९६८ पासून फ्री-फॉर्म. १९९५ मधे ते कॉलेजच बुडालं, पण त्याच्या आधीच स्टेशनवाल्यांनी लायसन्स विकत घेऊन ठेवलं होतं. अजून चालू आहे, जाहिरात नाही, वर्षातून एकदा श्रोत्यांकडे पैसे मागतात. त्यामुळे रातपाणी दादा, तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे की पैसा कोणाचा ते आधी ठरवा. गाणी मग बघू.

पांझराकाठ, धुळे | रात्री २:०५

सगळ्यांचं वाचलं. माहिती चांगली आहे पण मला पटत नाही, आणि का ते नीट सांगतो.

ती पोरं रात्री जागायची कारण त्यांना जागायचं होतं. आपल्याकडे रात्री जागणारा माणूस हौसेने जागत नाही. लाईट रात्री येते म्हणून जागतो, जिनिंगला पाळी आहे म्हणून जागतो, ट्रक मुंबई-आग्र्यावर आहे म्हणून जागतो. त्याला काउंटरकल्चर, म्हणजे चालू रीतीविरुद्ध उभी केलेली संस्कृती, म्हणणं मला जड जातं. रातपाणी भाऊला खरं तर रेडिओ नको, दिवसाची लाईट पाहिजे. रात्रीचा गोड रेडिओ केला तर उद्या म्हणतील बघा शेतकरी किती मजेत रात्री पाणी भरतोय.

दुसरं, गार्डकाकांनी विमानतळाचं सांगितलं, पण त्याच्या पुढच्या वर्षीचं नाही सांगितलं. १९६८ च्या मार्चमधे न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर असंच जमायचं ठरलं, त्याचा पुकारा या रेडिओवरूनही झाला, आणि तिथे पोलिसांनी पोरांना बेदम मारलं. इटलीत बोलोन्याला रेडिओ अलिचे होता, १९७६ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, कोणीही फोन करा आणि थेट हवेत बोला. पुढच्या वर्षी ११ मार्चला पोलिसांच्या गोळीने एक विद्यार्थी मेला, शहर पेटलं, दुसऱ्या दिवशी रात्री पोलीस स्टेशनात घुसले, दार तोडताना ऐकणारे ऐकत होते. माईकवरून लोकांना या म्हणणं सोपं आहे. आल्यावर त्यांची जबाबदारी कोणाची?

आणि तिसरं, फोन उघडा ठेवला की काय काय येईल याचा विचार करा. आपल्याकडे जातीवरून, धर्मावरून रात्री दोनला दारू पिऊन कोण काय बोलेल. एका वाक्याने गाव पेटतं.

नाईट_ड्युटी, शहादा | रात्री २:३१

मी सिस्टर आहे, आत्ता वॉर्डातच आहे, सगळे झोपलेत म्हणून लिहिते.

पांझराकाठ भाऊ तुमचं जबाबदारीचं बरोबर आहे. पण हौसेने जागणं आणि मजबुरीने जागणं यावरून काउंटरकल्चर ठरतं हे मला नाही पटत. आमच्या शहाद्यात १९७२ मधे श्रमिक संघटना झाली, जमिनी गेलेल्या आदिवासींची, सालदारांची. माझी आजी सांगते दिवसा सगळे कामावर, त्यामुळे बैठका रात्रीच, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर चालत जायचं, आधी गाणी, मग बोलणं, मग परत गाणी. ती गाणी कोणी लिहून दिलेली नव्हती, जिला जे दुःख तिने तो कडवा जोडायचा. सांगा, हे काय होतं मग? मालकाची झोपायची वेळ तीच मजुराची बोलायची वेळ, एवढं साधं आहे ते. न्यूयॉर्कच्या पोरांनी पण तेच केलं ना, जी वेळ कोणाच्या कामाची नव्हती तीच घेतली.

आणि दिवसाची लाईट मागायची आहे ती पण मागायला चार जण एकमेकांना ओळखायला तर पाहिजेत! शेजारच्या डीपीवर, म्हणजे लाईटच्या ट्रान्सफॉर्मरवर, कोण जागं आहे हे माहिती नसताना मागणी कोण करणार?

पण मला दुसरीच काळजी आहे. रात्रीच्या रेडिओला फोन कोण करेल? पुरुषच करतील. आमच्याकडे रात्री एक वाजता बाईच्या मोबाईलवरून कुठे फोन गेला तर सकाळी घरात विचारणा होते. बाळंतपणाला सोबत आलेल्या सासवा, आया, या बाया व्हरांड्यात रात्रभर जाग्या असतात, पावरीत, भिलोरीत, अहिराणीत इतकं बोलतात, काय काय सांगतात. त्यातलं एक वाक्य मी कुठल्या रेडिओवर ऐकलेलं नाही. तेलंगणात माचनूरला संघम रेडिओ आहे, २००८ पासून, दलित बाया चालवतात, पेरणी, बियाणं, गाणी, सगळं त्यांच्या बोलीत. तो पण संध्याकाळचाच आहे, पण माईक बायांच्या हातात आहे म्हणून बाया बोलतात. तुमच्याकडे माईकवर कोण बसणार ते आधी सांगा.

छत्तीसगडमधे सीजीनेट स्वर म्हणून २०१० पासून आहे, त्याला टॉवर लागत नाही, नंबर लावायचा, तो फोन आपोआप परत येतो, त्यात आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं, दुसऱ्यांचं ऐकायचं. गोंडीत पण बोलतात. रेंज धड नसलेल्या भागात साध्या फोनवर चाललं ते. आमच्या अक्कलकुवा-धडगावकडे तसंच काही चालेल, एफएम डोंगराच्या पलीकडे जात नाही.

पेशंट उठला, येते.

मास्तर९०, अमळनेर | पहाटे ३:१०

आयकी राह्यनात का सगळे? मी कॉलेजात शिकवतो, कम्युनिटी रेडिओच्या, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या छोट्या रेडिओच्या, कागदपत्रात काही दिवस घालवलेत म्हणून तेवढं सांगतो.

आपल्याकडे हवेवर बोलायचा हक्क लांबून आलाय. १९४२ च्या ऑगस्टमधे मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर, पोलीस मागावर म्हणून जागा बदलत बदलत, नोव्हेंबरात पकडले गेले. उषाबाई तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. भूमिगत रेडिओ म्हटलं की आपण अमेरिकेकडे बघतो, खरं तर आपलीच गोष्ट त्यांच्या वीस वर्षं आधीची आहे. स्वातंत्र्य मिळालं पण रेडिओ सरकारी तो सरकारीच राहिला, १९५२ नंतर आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळपास बंद केली तेव्हा लोक सिलोनकडे गेले, मग १९५७ मधे विविध भारती काढावी लागली. लोकांनी काटा फिरवला म्हणून सरकार हललं, हे लक्षात ठेवा. १९९५ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तरी २००२ च्या शेवटी फक्त शिक्षणसंस्थांना रेडिओ मिळाला आणि संस्था-संघटनांना २००६ मधे.

आता व्यवहाराचं. एकट्या माणसाला लायसन्स मिळत नाही. नोंदणी झालेली, किमान तीन वर्षं काम केलेली संस्था पाहिजे, किंवा कॉलेज, किंवा कृषी विज्ञान केंद्र. ताकद १०० वॅट, म्हणजे सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर धरा. यावलच्या सपाटीला ते पुरेल, सातपुड्यात ताई म्हणतात तसं अडेल. निम्मा कार्यक्रम तरी तिथल्या लोकांनी केलेला पाहिजे. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा. सगळ्याचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. सिनेमाची गाणी वाजवायची तर हक्काचे पैसे, म्हणून वह्या, कानबाई देवीची गाणी, भारुडं, ओव्या, हेच आपलं भांडवल, आणि ते कमी आहे का?

लायसन्सशिवाय ट्रान्समीटर लावू नका, कोणी कितीही सांगो. बिहारात मन्सूरपूरला रेडिओ रिपेअर करणाऱ्या एका तरुणाने घरी बनवलेल्या ट्रान्समीटरवर राघव एफएम चालवलं होतं, सगळं गाव ऐकायचं, प्रेमाने ऐकायचं, २००६ मधे ते बंद करायला लावलं. वाईट वाटतं, पण कायदा तसाच आहे.

फोनवर शिवीगाळ होते त्याला उपाय आहे. थेट फोन हवेत सोडायचा नाही, काही सेकंदांचा डिले ठेवायचा, बटणावर एक शहाणा माणूस बसवायचा. आणि रात्रीच्या वेळेचं महत्त्व कोर्टालाही मान्य करावं लागलंय. याच डब्ल्यूबीएआयने १९७३ मधे भर दुपारी एका विनोदवीराचं शिव्यांवरचं भाषण लावलं, एका बापाने तक्रार केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९७८ मधे स्टेशन हरलं, पाच विरुद्ध चार. निकालात मुद्दा हा की मुलं ऐकत असतील अशी वेळ होती. त्यातून पुढे रात्री दहा ते सकाळी सहा ही मोकळी वेळ धरली जायला लागली. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांशी बोलायची वेळ. मला स्वतःला त्यात शिव्यांपेक्षा दुसरंच दिसतं, दिवसा जे घरात बोलता येत नाही ते, कर्ज, व्यसन, पोरीने पळून जाऊन केलेलं लग्न.

२०२४ मधे आमच्या अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनपण झालं. मी दोन्हीकडे फिरलो. सगळ्यात चांगल्या अहिराणी कविता मात्र रात्री जेवणं झाल्यावर, मांडवाच्या मागे, चुलीपाशी ऐकल्या. तिथे माईक नव्हता. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

पांझराकाठ, धुळे | पहाटे ३:२६

सिस्टरताईंनी श्रमिक संघटनेचं लिहिलं त्यावर विचार करतोय. मालकाची झोपायची वेळ ही मजुराची बोलायची वेळ, हे पटलं. जमवाजमवीची काळजी मात्र अजून तशीच आहे. कोणी करणार असाल तर आधी वर्षभर कोणाला कुठे जमायला बोलावू नका, नुसतं ऐका एकमेकांना. माझ्या आईच्या आवाजात कानबाईची गाणी आहेत कॅसेटवर, दोन बाजू भरून. आई आता नाही. लागलं तर देतो, पण कॅसेट परत पाहिजे.

शिरपूरची_मी, सध्या पुणे | पहाटे ३:३४

कॅसेट मला पाठवा दादा, मी नीट डिजिटल करून देते आणि मूळ जशीच्या तशी परत. मशीनला लावायच्या आधी फेल्ट पॅड बघून घ्यावं लागतं, जुन्या कॅसेटचं ते निघून पडलेलं असतं आणि मग टेप अडकते. घरी वाजवून बघू नका.

रातपाणी दादा, लायसन्स होईल तेव्हा होईल. आत्ता इंटरनेटवर आवाजाची स्ट्रीम सोडता येते, नाहीतर साधा कॉन्फरन्स कॉल. फासनेही फोनच जोडले होते, एकावेळी बरेच जण एका लाईनवर असायचे, त्यासाठी खास यंत्र बसवलं होतं. आज ते आपल्या खिशातल्या फोनमधे आहे.

रातपाणी, यावल | पहाटे ४:०२

मधे व्हॉल्व्ह बदलायला गेलो होतो, आल्यावर सगळं दोनदा वाचलं. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

माझ्या डोक्यात असं येतं, आमच्या डीपीवर रात्री चार मळे चालू असतात, पलीकडच्या डीपीवर तीन. सातही जणांचे नंबर माझ्याकडे आहेत, आजपर्यंत फक्त फ्यूज गेला की फोन करायचो. गुरुवारी रात्री एक वाजता सगळ्यांना एका कॉलवर घेतो. गार्डकाका तुम्ही अर्धा तास याल का, ते उन्हाचा थर विरतो वगैरे सांगायला, आमच्यातला एक जण तेच विचारत होता की रात्रीच लांबचं स्टेशन का लागतं. सिस्टरताई, माईकवर कोण याचं उत्तर माझ्याकडे आज नाही. बायकोला विचारलं, ती म्हणाली मी आणि जाऊबाई बोलू पण तुम्ही पुरुष मधे हं हं करायचं नाही. तर दुसरा अर्धा तास त्यांचा, आम्ही म्यूट.

भारतातल्या भारतात कोण जागं असेल त्यांनी नंबर इथे टाकू नका, मला निरोप करा.

कॉलची सुरुवात खरखरीने करणार आहे. ट्रान्झिस्टर अजून आहे घरात, मागचं झाकण दोऱ्याने बांधलेलं. सेल आणायचे आहेत, मोठे दोन.

लाईट गेली वाटते. जातो, मोटर बघतो.